सायनाइडच्या साठ्याविना नायट्राइल संयुगांची निर्मिती : सुरक्षित उत्प्रेरकी पद्धतींचे विवेचन

सारांश :
औषधे, कृत्रिम धागे, कीटकनाशके व द्रावके यांच्या निर्मितीत नायट्राइल गटाच्या संयुगांना महत्त्वाचे स्थान आहे. ही संयुगे तयार करण्याच्या अनेक पारंपरिक पद्धती सोडियम, पोटॅशियम अथवा तांब्याच्या सायनाइडवर आधारलेल्या असून त्यांत कामगार, परिसर व जलस्रोत यांना गंभीर धोका संभवतो. गेल्या काही दशकांत उत्प्रेरकांच्या साहाय्याने हा धोका कमी करण्याचे दोन प्रमुख मार्ग पुढे आले. पहिल्या मार्गात सायनाइड बद्ध अवस्थेत ठेवून ते गरजेपुरतेच मुक्त केले जाते. दुसऱ्या मार्गात सायनाइड न वापरता अमोनिया, अमाइड किंवा आल्डॉक्झाइम यांपासून नायट्राइल गट घडविला जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही मार्गांचे तत्त्व, त्यांची उदाहरणे आणि त्यांच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : नायट्राइल, सायनाइड, उत्प्रेरक, हरित रसायनशास्त्र, निर्जलीकरण, विकर.

१. प्रस्तावना

रसायनशास्त्राने मानवी जीवन सुखकर केले. परंतु त्याच्या प्रत्येक देणगीमागे एक निर्मितिप्रक्रिया असते आणि त्या प्रक्रियेची किंमत पुष्कळदा वस्तू वापरणारा नव्हे, तर ती तयार करणारा मोजत असतो. औषधाची गोळी घेणाऱ्या रुग्णाला तिच्यातील रेणू कोणत्या मार्गाने घडला याची कल्पना नसते. तो रेणू घडविणाऱ्या कारखान्यातील कामगाराला मात्र त्या मार्गावरील प्रत्येक पिंपाजवळून रोज जावे लागते. नायट्राइल संयुगांच्या बाबतीत हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या संयुगांच्या निर्मितीशी सायनाइडचे नाव दीर्घकाळ जोडले गेले आहे.

१२ ऑगस्ट २०१५ रोजी चीनमधील त्यानजिन बंदरातील रसायनांच्या गोदामात भीषण स्फोट झाले आणि त्यांत १७३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या किंवा बेपत्ता झाल्या. त्या गोदामात सुमारे ७०० टन सोडियम सायनाइडचा साठा होता. स्फोटाचे मूळ सायनाइडमध्ये नव्हते. तथापि दुर्घटनेनंतर परिसराच्या शुद्धीकरणाचे काम या साठ्यामुळे अत्यंत बिकट झाले. विषारी पदार्थाचा साठा हाच स्वतंत्र धोका असतो, तो वापरला जावो अथवा न जावो, हा बोध या घटनेतून मिळतो. ब्रिटिश सुरक्षातज्ज्ञ ट्रेव्हर क्लेट्झ यांनी १९७० च्या दशकातच हे तत्त्व मांडले होते. घातक पदार्थाभोवती संरक्षक उपकरणे वाढवीत जाण्यापेक्षा तो पदार्थच जवळ न बाळगणे अधिक श्रेयस्कर, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८४ मधील भोपाळ दुर्घटनेनंतर, तेथील घातक वायू हा साठवून ठेवलेला मध्यस्थ पदार्थ असल्यामुळे, या विचाराकडे जगाचे लक्ष गेले. नायट्राइलनिर्मितीच्या नव्या पद्धती याच विचाराच्या कसोटीवर तपासणे आवश्यक आहे.

२. नायट्राइल गट : स्वरूप व उपयोग

ज्या सेंद्रिय संयुगात एक कार्बन अणू नायट्रोजन अणूशी तिहेरी बंधाने जोडलेला असतो आणि तोच कार्बन उरलेल्या एका बंधाने दुसऱ्या कार्बनशी जोडलेला असतो, त्यास नायट्राइल असे म्हणतात. सायनाइड आयनातही कार्बन व नायट्रोजन यांचा तिहेरी बंध असतो. परंतु तेथे तो गट मुक्त असतो. हा मुक्त आयन पेशींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरातील लोहाला घट्ट चिकटतो आणि रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. नायट्राइलमध्ये हाच गट सहसंयुज बंधाने कार्बनसाखळीशी बांधलेला असल्यामुळे बहुसंख्य नायट्राइल संयुगांची विषारिता सायनाइडच्या तुलनेत पुष्कळ कमी असते. अर्थात ॲक्रिलोनायट्राइलसारखे अपवाद आहेत. तसेच ॲसिटोनायट्राइलचे शरीरात सावकाश विघटन होऊन सायनाइड निर्माण होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

नायट्राइलचा इतिहास जुना आहे. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शील यांनी १७८२ मध्ये प्रशियन निळ्या रंगद्रव्यापासून हायड्रोजन सायनाइड मिळविले. फ्रान्समधील पेलूझ यांनी १८३४ मध्ये प्रोपिओनायट्राइल तयार केले, तर जर्मनीतील हेर्मान फेलिंग यांनी १८४४ मध्ये अमोनियम बेंझोएट तापवून बेंझोनायट्राइल मिळविले. फेलिंग यांच्या पद्धतीत सायनाइडचा वापर नव्हता. अमोनियम क्षारातून पाणी निघून गेले व नायट्राइल उरले. आज ज्या मार्गाला 'नवा' म्हटले जाते, त्याचे बीज असे दीड शतकाहून अधिक जुने आहे.

नायट्राइल गटाचे महत्त्व दुहेरी आहे. एक म्हणजे तो इतर गटांत सहज रूपांतरित होतो. त्याचे जलापघटन केल्यास अमाइड व कार्बॉक्सिलिक आम्ल मिळते आणि क्षपण केल्यास अमाइन मिळते. दुसरे म्हणजे तो स्वतःच औषधाच्या रेणूत कार्य करतो. स्तनाच्या कर्करोगावरील लेट्रोझोल व ॲनास्ट्रोझोल, रक्तदाबावरील व्हेरापामिल, नैराश्यावरील सिटॅलोप्राम आणि मधुमेहावरील विल्डाग्लिप्टिन या सर्वांत नायट्राइल गट आहे. कोविड-१९ च्या साथीत भारतात मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेलेल्या रेमडेसिव्हिरमध्ये तो आहे. तसेच २०२१ मध्ये पुढे आलेल्या निर्माट्रेल्व्हिरमध्ये तर विषाणूच्या प्रथिनभंजक विकरातील गंधकाशी बंध जुळविण्याचे मुख्य काम हाच गट करतो. ॲसिटोनायट्राइल हे औषधांच्या शुद्धतेचे विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळांतील प्रमुख द्रावक आहे, तर ॲक्रिलोनायट्राइलपासून ॲक्रिलिक लोकर, प्लॅस्टिक व कार्बन तंतू बनतात. म्हणून नायट्राइलचा वापर टाळणे शक्य नाही. प्रश्न आहे तो निर्मितीच्या मार्गाचा.

३. पारंपरिक पद्धती व त्यांतील अडचणी

कार्बनसाखळीवरील हॅलोजन अणूच्या जागी सोडियम सायनाइडद्वारा नायट्राइल गट बसविणे ही सर्वांत परिचित पद्धत होय. बेंझिन वलयावर मात्र ही अदलाबदल सहज घडत नाही. त्यासाठी ट्राउगोट सँडमायर यांनी १८८४ मध्ये मांडलेली पद्धत वापरली जाते. तीत ॲरोमॅटिक अमाइनपासून डायझोनियम क्षार तयार करून त्यावर क्युप्रस सायनाइडची अभिक्रिया घडवितात. वलयावर ब्रोमीन किंवा आयोडीन असल्यास रोझेनमुंड-फॉन ब्राउन पद्धतीने ते क्युप्रस सायनाइडबरोबर सुमारे १५० ते २५० अंश सेल्सिअस तापमानात तापवितात.

या पद्धतींत तीन प्रकारच्या अडचणी आहेत. पहिली अडचण विषारितेची. सोडियम सायनाइडचा आम्लाशी संपर्क येताच हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडील उन्हाळ्यात ते साध्या तापमानालाच वायुरूप होते. त्याचा कडू बदामासारखा वास काही व्यक्तींना आनुवंशिक कारणांमुळे ओळखूच येत नाही, त्यामुळे वासावर विसंबणे घातक ठरते.

दुसरी अडचण टाकाऊ पदार्थांची. ब्रोमोबेंझिन व क्युप्रस सायनाइड यांपासून बेंझोनायट्राइल तयार करताना समीकरणानुसारच प्रत्येक १०३ ग्रॅम उत्पादनामागे सुमारे १४३ ग्रॅम क्युप्रस ब्रोमाइड तयार होते. म्हणजे १ किलोग्रॅम नायट्राइलमागे किमान १.४ किलोग्रॅम तांब्याचा क्षार उरतो. शिवाय जास्तीचे सायनाइड, द्रावक व धुण्याचे पाणी वेगळेच. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या अणुकाटकसरीच्या मापाने पाहिल्यास येथे अभिकारकांच्या वस्तुमानापैकी सुमारे ४२ टक्केच भाग उत्पादनात उतरतो. तिसरी अडचण सांडपाण्याची. भारतातील पर्यावरण संरक्षण नियमांनुसार भूपृष्ठावरील जलस्रोतात सोडावयाच्या सांडपाण्यातील सायनाइडची मर्यादा दर लिटरला ०.२ मिलिग्रॅम इतकी आहे. तांब्याशी जखडलेले सायनाइड नष्ट करून ही मर्यादा गाठणे लहान कारखान्याला खर्चिक व कष्टाचे जाते.

४. सुरक्षिततेचे दोन मार्ग : निसर्गातील दाखला

कोवळ्या ज्वारीचा चारा जनावरांना घातल्यास विषबाधा होते, हे महाराष्ट्रातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचे संयुग असते. त्यात सायनाइड गट शर्करेच्या रेणूशी जोडून बंदिस्त केलेला असतो आणि तो मोकळा करणारे विकर पेशींत वेगळ्या ठिकाणी ठेवलेले असते. जनावराने पान चावताच दोन्ही एकत्र येतात व हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. जोवर पान अभंग आहे, तोवर वनस्पतीला स्वतःच्या विषाची बाधा होत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा नायट्राइल गट तयार करताना ज्वारी मुक्त सायनाइड वापरीत नाही. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ती प्रथम आल्डॉक्झाइम तयार करते आणि नंतर एका लोहयुक्त विकराच्या साहाय्याने त्यातून पाण्याचा रेणू काढून नायट्राइल मिळविते. विष बद्ध ठेवणे आणि नायट्राइल गट जागच्या जागी घडविणे ही दोन्ही तत्त्वे एकाच रोपात आढळतात. रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत जे दोन मार्ग विकसित केले, ते नेमके याच दोन तत्त्वांवर उभे आहेत.

५. पहिला मार्ग : बद्ध सायनाइडचा नियंत्रित वापर

५.१ पॅलेडियम उत्प्रेरक व पोटॅशियम फेरोसायनाइड

जपानमधील ताकागी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ॲरोमॅटिक हॅलाइडवर पॅलेडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने पोटॅशियम सायनाइडची अभिक्रिया घडवून दाखविली. या अभिक्रियेचे चक्र तीन पायऱ्यांचे आहे. प्रथम पॅलेडियमचा अणू वलय व हॅलोजन यांच्यातील बंधात शिरतो. नंतर हॅलोजन निघून त्याच्या जागी सायनाइड येते. शेवटी वलय व सायनाइड एकमेकांशी जोडले जाऊन नायट्राइल बाहेर पडते आणि पॅलेडियम पुढील फेरीसाठी मोकळे होते. तांब्याच्या पद्धतीत लागणारे उच्च तापमान व धातूच्या क्षाराचा मोठा कचरा यांमुळे टळतो.

या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. सायनाइड आयन पॅलेडियमशी अत्यंत घट्ट बांधला जातो. द्रावणात त्याचे प्रमाण वाढले की तो धातूला चोहोबाजूंनी वेढतो आणि चक्र थांबते. जे रसायन माणसाच्या पेशीतील लोहाला निकामी करते, तेच उत्प्रेरकातील पॅलेडियमलाही निकामी करते. त्यामुळे द्रावणात कोणत्याही क्षणी मुक्त सायनाइड अत्यल्प असणे ही केवळ सुरक्षिततेची नव्हे, तर अभिक्रियेच्या यशाचीही अट ठरली.

जर्मनीतील रोस्टॉक येथील मॅथियास बेलर यांच्या गटाने २००४ मध्ये या अडचणीवर उपाय सुचविला. त्यांनी सायनाइडचा स्रोत म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड वापरले. या क्षारात सहा सायनाइड गट लोहाच्या एका अणूशी घट्ट बांधलेले असतात. त्यामुळे तो इतका निरुपद्रवी असतो की मिठाच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून अनेक देशांत, भारतातही, ठरावीक अत्यल्प प्रमाणात त्याचा वापर अनुज्ञेय आहे. अभिक्रियेच्या तापमानाला लोहाकडून सायनाइड सावकाश सुटते व पॅलेडियमच्या चक्रात लगेच खर्ची पडते. सहाही गट उपयोगात येत असल्याने या क्षाराचे प्रमाणही थोडे लागते. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील स्टीफन बुकवाल्ड यांच्या गटाने योग्य फॉस्फिन लिगंड वापरून पाणी व डायऑक्झेन यांच्या मिश्रणात, कमाल १०० अंश सेल्सिअस तापमानात, तुलनेने स्वस्त पण मंद अशा क्लोराइडांवरही ही अभिक्रिया यशस्वी केली.

५.२ इतर स्रोत

सायनाइड गटाचे घटक वेगवेगळे पुरवून तो अभिक्रियेच्या भांड्यातच तयार करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. दक्षिण कोरियातील सुकबोक चांग यांच्या गटाने २०१० मध्ये डायमेथिलफॉर्मामाइडमधून कार्बन व अमोनियातून नायट्रोजन घेऊन नायट्राइल गट जुळविला. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील भालचंद्र भानगे यांच्या गटाने फॉर्मामाइड या साध्या संयुगाचा सायनाइडचा स्रोत म्हणून उपयोग दाखविला.

याहून निराळा विचार जर्मनीतील म्यूलहाइम येथील मॅक्स प्लांक संस्थेत बिल मोरांडी यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडला. कार्बनच्या दुहेरी बंधावर हायड्रोजन सायनाइडची भर घालण्याची अभिक्रिया उद्योगात परिचित आहे. नायलॉनसाठी लागणारे ॲडिपोनायट्राइल निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने ब्युटाडाइनपासून असेच तयार होते. त्यात हायड्रोजन सायनाइड प्रत्यक्ष वापरावे लागते. मोरांडी यांच्या पद्धतीत निकेल व ॲल्युमिनियमयुक्त सहउत्प्रेरक यांच्या साहाय्याने आयसोव्हॅलेरोनायट्राइल या साध्या नायट्राइलमधील हायड्रोजन व सायनाइड गट दुसऱ्या रेणूकडे हस्तांतरित होतात. उरलेला आयसोब्युटीन वायू निघून जातो व त्यामुळे अभिक्रिया इष्ट दिशेने पुढे सरकते. मुक्त हायड्रोजन सायनाइड हाताळण्याची गरज उरत नाही.

६. दुसरा मार्ग : सायनाइडविना नायट्राइल

६.१ अमोनिया व ऑक्सिजन

या मार्गाचे सर्वांत यशस्वी औद्योगिक उदाहरण म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल. पूर्वी ते ॲसिटिलीन व हायड्रोजन सायनाइड यांपासून बनविले जाई. अमेरिकेतील सोहायो कंपनीने प्रोपिलीन, अमोनिया व हवा यांपासून ते एकाच पायरीत मिळविण्याची पद्धत शोधली आणि १९६० मध्ये ओहायो राज्यातील लायमा येथे पहिला कारखाना सुरू केला. बिस्मथ व मॉलिब्डेनमयुक्त घन उत्प्रेरकावर ४०० ते ५१० अंश सेल्सिअस तापमानात ही अभिक्रिया घडते. आज जगातील बहुतेक ॲक्रिलोनायट्राइल याच प्रकारच्या पद्धतीने तयार होते.

इतके उच्च तापमान औषधांच्या नाजूक रेणूंना सोसत नाही. म्हणून सौम्य परिस्थितीत हेच तत्त्व वापरण्याकडे संशोधकांचे लक्ष वळले. अल्कोहोलपासून सुरुवात केल्यास अभिक्रियेचा क्रम असा असतो : अल्कोहोलमधून हायड्रोजन जाऊन आल्डिहाइड बनते, आल्डिहाइड अमोनियाशी जोडले जाऊन पाणी निघते व इमाइन मिळते, इमाइनमधून पुन्हा हायड्रोजन जाऊन नायट्राइल तयार होते. निघालेला हायड्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून पाणी होतो. टोकियो विद्यापीठातील मिझुनो व यामागुची यांच्या गटाने २००९ मध्ये ॲल्युमिनावर बसविलेल्या रुथेनियमच्या साहाय्याने हे साध्य केले. २०१३ मध्ये तांब्याचे क्षार व टेम्पो या नावाने ओळखला जाणारा नायट्रॉक्सिल मूलक यांची जोडी साध्या तापमानाच्या आसपास हेच कार्य करते असे दिसून आले. २०१४ मध्ये रोस्टॉक येथील राजेनहळ्ळी जगदीश व बेलर यांनी नायट्रोजनयुक्त कार्बनवर बसविलेल्या कोबाल्ट ऑक्साइडच्या सूक्ष्मकणांचा उपयोग दाखविला. हा उत्प्रेरक घन असल्याने गाळून पुन्हा वापरता येतो आणि कोबाल्ट हा रुथेनियम किंवा पॅलेडियम यांच्या तुलनेत स्वस्त आहे.

बेंझिल अल्कोहोल, अमोनिया व ऑक्सिजन यांपासून १०३ ग्रॅम बेंझोनायट्राइल मिळविताना समीकरणानुसार केवळ ५४ ग्रॅम पाणी सहउत्पादन म्हणून मिळते. अणुकाटकसर सुमारे ६६ टक्के होते आणि उरलेला भाग निरुपद्रवी असतो. रोझेनमुंड-फॉन ब्राउन पद्धतीतील तांब्याच्या क्षाराशी याची तुलना केली असता फरक सहज ध्यानात येतो.

६.२ अमाइड व आल्डॉक्झाइम यांचे निर्जलीकरण

अमाइडमधून पाण्याचा एक रेणू काढला की नायट्राइल उरते. पारंपरिक पद्धतीत यासाठी फॉस्फरस पेंटॉक्साइड किंवा थायोनिल क्लोराइडसारखी तीव्र निर्जलीकारके वापरतात. विल्डाग्लिप्टिन व निर्माट्रेल्व्हिर यांच्या निर्मितीतही नायट्राइल गट अमाइडच्या निर्जलीकरणानेच मिळविला जातो. येथे सायनाइड टळते. पण निर्जलीकारक पूर्ण प्रमाणात लागते व त्याचा कचरा उरतो. २००५ मध्ये माफिओली व सहकाऱ्यांनी पॅलेडियम उत्प्रेरकाच्या साहाय्याने अमाइडमधील पाणी ॲसिटोनायट्राइलकडे सोपविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात ॲसिटोनायट्राइलचे ॲसिटामाइड होते आणि इष्ट अमाइडचे नायट्राइल होते. आल्डॉक्झाइमच्या बाबतीत कॉपर ॲसिटेटसारखा साधा क्षारही ॲसिटोनायट्राइलमध्ये उत्प्रेरकाचे काम करतो, हे १९८३ पासून ज्ञात आहे.

६.३ विकरांचा उपयोग

ज्वारीतील अभिक्रियेसारखीच अभिक्रिया काही जीवाणूंतही आढळते. जपानमधील यासुहिसा असानो यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्डॉक्झाइममधून पाणी काढणारे विकर जीवाणूंत शोधून काढले. जर्मनीतील बीलेफेल्ड विद्यापीठातील हाराल्ड ग्रोगर यांच्या गटाने २०१९ मध्ये अशा विकराच्या साहाय्याने ऑक्टेननायट्राइलसारखी संयुगे तयार करताना दर लिटरला १.४ किलोग्रॅमपर्यंत आल्डॉक्झाइम वापरता येते असे दाखविले. विकरांच्या अभिक्रिया केवळ विरल द्रावणातच चालतात, या समजाला या प्रयोगाने छेद दिला. येथे ना सायनाइड लागते, ना उच्च तापमान, ना मौल्यवान धातू.

७. धोका नाहीसा झाला की केवळ सरकला ?

एखाद्या पद्धतीला 'सुरक्षित' किंवा 'हरित' म्हणण्यापूर्वी तिचा ताळेबंद पूर्ण मांडला पाहिजे. पॉल अनास्टास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये सांगितलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांचा आशयही हाच आहे. या दृष्टीने पुढील बाबी विचारार्ह आहेत.

अ) पोटॅशियम फेरोसायनाइड हाताळण्यास निर्धोक असले तरी त्याचे औद्योगिक उत्पादन हायड्रोजन सायनाइडपासूनच होते. म्हणजे धोका नाहीसा होत नाही. तो अनेक लहान कारखान्यांतून निघून, विशेष व्यवस्था असलेल्या मोजक्या कारखान्यांकडे सरकतो. हाही लाभच आहे, पण तो अचूक शब्दांत सांगितला पाहिजे. शिवाय हाच क्षार तीव्र आम्लात तापविल्यास हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. म्हणून अभिक्रियेनंतरच्या प्रक्रियेत आम्लाचा वापर जपून करावा लागतो.

आ) अमोनिया व ऑक्सिजन यांचा मार्ग सायनाइडमुक्त असला तरी धोकामुक्त नाही. हवेत सुमारे १५ ते २८ टक्के अमोनिया असल्यास मिश्रण स्फोटक बनते. ज्वलनशील द्रावक व दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास धोका वाढतो. प्रयोगशाळेतील ५० मिलिलिटरच्या भांड्यात जे सहज घडते, ते ५,००० लिटरच्या भांड्यात तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही.

इ) सोहायो पद्धतीत सायनाइड अभिकारक म्हणून लागत नाही; परंतु सहउत्पादन म्हणून हायड्रोजन सायनाइड व ॲसिटोनायट्राइल मिळतात. जगाचा ॲसिटोनायट्राइलचा पुरवठा मुख्यतः या सहउत्पादनावर अवलंबून आहे. २००८-०९ मध्ये आर्थिक मंदीमुळे ॲक्रिलोनायट्राइलचे उत्पादन घटताच जगभरातील विश्लेषण प्रयोगशाळांना ॲसिटोनायट्राइलची तीव्र टंचाई जाणवली. निर्जलीकरणाच्या ज्या पद्धती ॲसिटोनायट्राइलवर विसंबून आहेत, त्यांचा विचार करताना हे परस्परावलंबन ध्यानात घ्यावे लागते.

ई) पॅलेडियम महाग आहे आणि औषधात त्याचा अंश राहू देता येत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने घ्यावयाच्या औषधातून शरीरात जाणाऱ्या पॅलेडियमची दैनंदिन मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे शुद्धीकरणाची एक पायरी वाढते.

उ) काही रेणूंच्या बाबतीत सायनाइडचा प्रत्यक्ष पुरवठा अद्याप टाळता आलेला नाही. रेमडेसिव्हिरमधील नायट्राइल गट ट्रायमेथिलसिलिल सायनाइड या संयुगाच्या साहाय्याने बसविला जातो आणि हे संयुग पाण्याच्या संपर्कात येताच हायड्रोजन सायनाइड देते. अशा ठिकाणी थोडे थोडे अभिकारक सतत वाहत्या नळीत आणून तेथेच वापरून टाकणाऱ्या प्रवाही प्रक्रियेचा आधार घेता येतो. त्यात कोणत्याही क्षणी घातक पदार्थाचे प्रमाण अल्प राहते.

८. अध्यापन व लघुउद्योग यांच्या दृष्टीने महत्त्व

तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ अशा महाराष्ट्रातील औद्योगिक क्षेत्रांत औषधांचे मध्यस्थ पदार्थ व सूक्ष्म रसायने तयार करणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. विज्ञानशाखेचे पुष्कळ पदवीधर तेथेच नोकरीस लागतात. पदव्युत्तर पाठ्यपुस्तकांत नायट्राइलनिर्मितीचे उदाहरण म्हणून बहुधा पॅरा-टोल्युइडिनवरील सँडमायर अभिक्रियाच दिली जाते. विद्यार्थी ती पाठ करतो. तिच्यातील सायनाइडचे पुढे काय होते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. हाच विद्यार्थी पुढे उत्पादन विभागात पर्यवेक्षक होतो, तेव्हा पर्यायी मार्ग असतो याचीच त्याला जाणीव नसते.

यासाठी अभ्यासक्रमात मोठा बदल करण्याची आवश्यकता नाही. सँडमायर अभिक्रियेशेजारी अल्कोहोल व अमोनिया यांचा मार्ग मांडून दोहोंची अणुकाटकसर विद्यार्थ्यांकडून काढून घेता येईल. प्रत्येक मार्गासाठी चार प्रश्न विचारण्याची सवय लावता येईल : घातक पदार्थाचा जास्तीत जास्त किती साठा कोणत्या क्षणी असतो ? तो कोठे तयार होतो ? उत्प्रेरक किती वेळा पुन्हा वापरता येतो ? आणि शेवटी सांडपाण्यात काय उरते ? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. समतोल समीकरण व थोडे गणित पुरेसे होते.

लघुउद्योजकासमोरील अडचण वेगळी आहे. त्याला पॅलेडियम परवडत नाही आणि सोडियम सायनाइड स्वस्तात मिळते. परंतु साठवणुकीची सुरक्षाव्यवस्था, कामगारांचे प्रशिक्षण, प्रतिविषाची उपलब्धता आणि सांडपाण्यावरील प्रक्रिया यांचा खर्च सायनाइडच्या किमतीत मिळविला, तर ती स्वस्ताई पुष्कळ अंशी ओसरते. तांबे, कोबाल्ट व लोह यांसारख्या स्वस्त धातूंच्या उत्प्रेरकांवरील संशोधन म्हणूनच आपल्याकडील उद्योगांच्या दृष्टीने अधिक अगत्याचे आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. नायट्राइलनिर्मितीतील मुख्य धोका उत्पादनात नसून मुक्त सायनाइडच्या साठ्यात व हाताळणीत आहे. पोटॅशियम फेरोसायनाइडसारखे बद्ध स्रोत हा धोका कमी करतात आणि त्याच वेळी उत्प्रेरकालाही निकामी होण्यापासून वाचवितात. येथे सुरक्षितता व कार्यक्षमता यांच्यात विरोध नाही. जेथे शक्य असेल तेथे अमोनिया, अमाइड किंवा आल्डॉक्झाइम यांपासून जाणारा सायनाइडविरहित मार्ग अधिक श्रेयस्कर होय, मात्र त्यातील स्फोटकता, द्रावके व धातूचे अवशेष यांचा हिशेब स्वतंत्रपणे केला पाहिजे. कोणतीही एक पद्धत सर्व रेणूंना लागू पडत नाही. निर्मितीचा मार्ग निवडताना उतारा व किंमत यांच्या जोडीला घातक पदार्थाच्या साठ्याचाही विचार झाला, तर औषध घेणाऱ्या रुग्णाइतकीच ते तयार करणाऱ्या कामगाराच्या जीविताचीही काळजी घेतली जाईल. उत्प्रेरणशास्त्राने ते आता पुष्कळ अंशी शक्य केले आहे. त्याचा स्वीकार करणे ही शिक्षक, संशोधक व उद्योजक या सर्वांची जबाबदारी ठरते.